गव्हाणीतून आलेला रोग

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा. संभाजीनगरच्या या औद्योगिक वसाहतींमधल्या कुठल्याही औषध कारखान्यात कच्च्या मालाचा ड्रम उतरला की त्याच्यासोबत कागदांची चळतही उतरते. त्यात एक कागद हमखास असतो: बीएसई-टीएसई सर्टिफिकेट. माल जनावरापासून बनलेला नाही, किंवा बनला असेल तर कोणत्या देशातल्या जनावराच्या कोणत्या भागापासून आणि कशी प्रक्रिया करून, हे पुरवठादार त्यावर सहीनिशी लिहून देतो. कॅप्सूलचं जिलेटिन, दुधापासून काढलेलं लॅक्टोज, गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालतात ते मॅग्नेशियम स्टिअरेट, या सगळ्यांसोबत तो येतो. इतकंच काय, लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या सेल्युलोजच्या ड्रमसोबतही तो मागितला जातो. क्वालिटी विभागातल्या माणसांना त्यात काही विशेष वाटत नाही, रोजचंच काम आहे. पण तो कागद का आला याचा माग काढत गेलं की आपण इंग्लंडमधल्या एका गोठ्यात पोचतो, आणि तिथून पुढे जे दिसतं ते मला आजही थक्क करतं.

डिसेंबर १९८४. ससेक्स परगण्यातल्या पिटशॅम फार्मवर १३३ क्रमांकाची एक गाय विचित्र वागू लागली. पाठीला बाक आला, वजन उतरलं, मग डोकं थरथरू लागलं, पाय एकमेकांत अडखळू लागले. फेब्रुवारीत ती मेली. त्याच गोठ्यातल्या दुसऱ्या गाईच्या मेंदूचा काप सप्टेंबर १९८५ मध्ये सरकारी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली गेला, तेव्हा कॅरोल रिचर्डसन या तज्ज्ञ बाईंना त्यात भोकं दिसली. मेंदूच्या पेशी जिथे दाटीवाटीनं असायला हव्यात तिथे स्पंजासारखी पोकळी पडलेली होती. त्यांनी तशी नोंद केली, पण ती तशीच राहून गेली. वर्षभरानं, नोव्हेंबर १९८६ मध्ये, वेब्रिजच्या त्याच केंद्रीय पशुवैद्यक प्रयोगशाळेत दुसऱ्या गोठ्यांमधल्या गाईंच्या मेंदूतही तेच दिसलं, आणि हा नवा रोग असल्याचं ध्यानात आलं. नाव पडलं बोव्हाइन स्पाँजिफॉर्म एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे बीएसई. लोकांनी त्याला मॅड काऊ म्हटलं.

आजारी मेंदूत ना जिवाणू सापडला, ना विषाणू, ना बुरशी. ताप नाही, सूज नाही, रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं नाहीत. शरीराला आपल्यावर हल्ला झालाय याचा पत्ताच लागत नव्हता. मेंढ्यांमध्ये असाच एक जुना रोग होता, स्क्रेपी. मेंदूचा स्पंज करणाऱ्या अशा रोगांचं एकत्रित नाव टीएसई. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात टिकवा आल्पर यांनी १९६० च्या दशकात स्क्रेपीच्या रोगकारकावर किरणांचा मारा केला होता. सजीवाची जनुकं उद्ध्वस्त करायला पुरेसे असे ते किरण होते, तरी रोग पसरवायची त्याची ताकद टिकून राहिली. ज्यात जनुकंच नाहीत असं काहीतरी आपली संख्या वाढवत होतं! जीवशास्त्र शिकलेल्या कुणालाही हे पचणं अवघड होतं. १९८२ मध्ये अमेरिकेच्या स्टॅन्ली प्रुसिनर यांनी त्याला प्रायॉन हे नाव दिलं आणि ठणकावून सांगितलं, की हे नुसतं प्रथिन आहे. पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढलं. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हे प्रथिन बाहेरचं नाही, ते आपल्या प्रत्येकाच्या मेंदूत असतं. त्याच्या धाग्याची घडी ठरावीक पद्धतीनं पडलेली असते. कधीतरी एखाद्या रेणूची घडी चुकते. मग तो चुकीचा रेणू शेजारच्या बरोबर रेणूला खेटतो आणि त्यालाही आपल्यासारखं करून टाकतो. त्या दोघांमुळे आणखी काही, त्यांच्यामुळे आणखी. दुधात चमचाभर विरजण पडावं आणि सकाळपर्यंत सगळं भांडं लागावं, तसंच हे. फरक एवढाच, की विरजणात जिवंत जिवाणू असतात आणि इथे जिवंत असं काहीच नाही. आहे तो फक्त आकार. रोग म्हणून पसरतो तो एक आकार, हे वाक्य मी कितीदा वाचलं तरी क्षणभर थांबतोच.

आणि हा आकार महाचिवट. नेहमीच्या उकळण्यानं तो जात नाही. ऊतक टिकवायला वापरतात त्या फॉर्मालिननं तो उलट जास्त पक्का होतो. एका प्रयोगात स्क्रेपीनं बाधित मेंदू ६०० अंश सेल्सियसला जाळून राख केली, तर त्या राखेतही किंचित संसर्गक्षमता उरली होती. बीएसईनं मेलेल्या गाईच्या मेंदूचा एक मिलिग्रॅम पंधरा वासरांना तोंडावाटे दिला, तेव्हा त्यातल्या एकाला रोग झाला. तोही लगेच नाही. गाईत लक्षणं दिसायला साधारण चार-पाच वर्षं लागतात.

मग हा आकार एका गाईतून दुसऱ्या गाईत गेला कसा? शेजारच्या जनावराकडून तो येत नव्हता. एकाच वेळी देशभर, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या गोठ्यांमध्ये तो उगवत होता. जॉन वाइलस्मिथ हे या शोधातलं महत्त्वाचं नाव. या साथरोगतज्ज्ञानं गोठ्यागणिक माहिती गोळा केली: लस, औषधं, फवारण्या, नवी जनावरं, खाद्य. सगळ्या गोठ्यांत समान निघालं ते खाद्य. जास्त दूध देणाऱ्या जातींना प्रथिनं भरपूर लागतात, म्हणून आंबोणात मांस-हाडांची पूड मिसळली जात होती. कत्तलखान्यातलं उरलंसुरलं शिजवून, चरबी काढून, दळून ती बनायची. त्यात मेलेल्या गाईही असत. गवत खाणाऱ्या जनावराला त्याच्याच जातीचं जनावर खाऊ घातलं जात होतं आणि गोठेवाल्याला बहुधा त्याची कल्पनाही नव्हती. पोत्यावर प्रथिनांची टक्केवारी असे, ती कशातून आली हे नसे. एक गाय मरे, तिची पूड होई, ती अनेक वासरांच्या पोटात जाई, त्यातली काही मरत, त्यांचीही पूड होई. मांसासाठीची वासरं बहुतेक आईचं दूध पिऊन वाढत आणि लहान वयात कापली जात, त्यामुळे रोग जास्त दिसला तो दुधाच्या गाईंत. प्राणिसंग्रहालयातली हरणं आणि चित्तेही यातून सुटले नाहीत. १९९० मध्ये ब्रिस्टलच्या एका घरातलं सयामी मांजर तशाच रोगानं गेलं, तेव्हा ब्रिटिश माणूस पहिल्यांदा आपल्या ताटाकडे दचकून पाहू लागला.

ब्रिटननं जुलै १९८८ मध्ये ही पूड रवंथ करणाऱ्या जनावरांना घालायला बंदी केली. पण पोटात गेलेलं गेलंच होतं. १९९२ हे वर्ष सर्वांत वाईट गेलं. एकूण १ लाख ८० हजारांहून अधिक गाईंमध्ये रोगाचं निदान झालं. माणसाला धोका नाही, असं सरकार सांगत राहिलं. कृषिमंत्री जॉन गमर यांनी मे १९९० मध्ये कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला बर्गर भरवायला घेतला. पाच वर्षांनी, मे १९९५ मध्ये, १९ वर्षांचा एक तरुण मेंदूच्या अनाकलनीय आजारानं गेला. मग तशा तरुण मुलामुलींची संख्या वाढत गेली. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना संसदेत सांगावं लागलं, की माणसातल्या या नव्या रोगाचं मूळ बहुधा बीएसईतच आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात युरोपनं ब्रिटिश गोमांसावर बंदी घातली. ती पूर्णपणे उठायला मे २००६ उजाडलं. तीस महिन्यांपेक्षा मोठं कोणतंही जनावर खाण्यासाठी विकायचं नाही असा नियम झाला, आणि रोग आटोक्यात येईपर्यंत सुमारे ४४ लाख जनावरं मारली गेली. त्यातली बहुतेक निरोगी होती. पिढ्यान् पिढ्या गुरं पाळणाऱ्या माणसानं आपल्या हातानं वाढवलेली गाय जाळायला पाठवायची, तीही तिला काही झालेलं नसताना, हे दुःख मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. ब्रिटनमध्ये १७८ माणसं दगावली. हजारो मरतील अशी भीती होती, तितकं झालं नाही. पण या रोगावर औषध तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एक, फक्त एक गाय बाधित निघाली. देशामागून देशांनी दारं लावली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेची गोमांस निर्यात जेमतेम पाचवा हिस्सा उरली. १९८० ते १९९६ या काळात तीन महिने जरी ब्रिटनमध्ये राहिलं असेल, तरी अमेरिकेत रक्तदान करता येत नसे. लंडनला डॉक्टरकी करून पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या, आयुष्यात गोमांसाला न शिवलेल्या मराठी माणसालाही तो नियम लागू होता. २०२२ मध्ये तो उठला. आणि औषधं? जिलेटिन हाडांचं आणि कातड्याचं, स्टिअरेट चरबीचं, लसीसाठी पेशी वाढवायचा सीरम वासराच्या रक्ताचा. म्हणून युरोपनं औषध बनवणाऱ्यांसाठी कडक मार्गदर्शक नियम आणले. जनावराच्या चरबीचे घटक दाबाखाली २०० अंशांना किमान वीस मिनिटं तापवलेले हवेत, इतक्या बारकाव्यानं. युरोपला गोळ्या पाठवायच्या तर वाळूजच्या स्टोअरलाही ते पाळणं आलंच.

या रोगाचं बोट एकदा थेट भारताकडेही दाखवलं गेलं. सप्टेंबर २००५ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये अ‍ॅलन आणि नॅन्सी कोलचेस्टर यांनी एक तर्क मांडला. १९६० आणि ७० च्या दशकांत ब्रिटननं लाखो टन हाडं आयात केली होती, त्यातली जवळपास निम्मी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातून. गंगेत सोडलेल्या मृतदेहांची हाडंही त्यात मिसळली गेली असावीत आणि अशाच रोगानं मेलेल्या एखाद्या माणसाचं प्रायॉन ब्रिटनमधल्या गाईंपर्यंत पोचलं असावं, असं त्यांचं म्हणणं. त्याच अंकात बंगळुरूच्या निमहान्समधल्या एस. के. शंकर आणि पी. सतीशचंद्र यांनी या तर्कातल्या कच्च्या दुव्यांवर नेमकं बोट ठेवलं. तो तर्क आजवर सिद्ध झालेला नाही. पण समजा पहिली ठिणगी कुठूनही आली असेल, मेंढीतून, हाडांतून, की एखाद्या म्हाताऱ्या गाईच्या मेंदूत आपोआप घडी चुकून, तरी वणवा पेटला तो गव्हाणीतच. एका गाईतल्या चुकीच्या लाखो गाई झाल्या त्या केवळ खाद्यामुळे.

आता आपल्याकडची गव्हाण पाहा. संभाजीनगर, जालना, बीड हा कापसाचा पट्टा. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की सरकी उरते, सरकीचं तेल निघालं की ढेप उरते, आणि ती ढेप गोठ्यात येते. कडबा, हिरवा चारा आणि वर सरकीची ढेप, हाच देवणी गाईचा आणि म्हशीचा खुराक. ब्रिटनला जी प्रथिनं हाडं दळून काढावी लागली ती आपल्याला कापसाच्या झाडानं दिली. मला यात आपल्या शहाणपणापेक्षा आपल्या पिकाचं श्रेय जास्त वाटतं, आणि म्हणूनच ते गृहीत धरू नये असंही वाटतं. जागतिक पशुआरोग्य संघटनेनं मे २०१० मध्ये भारताला बीएसईचा 'नगण्य धोका' असलेला देश म्हणून मान्यता दिली. ती फुकट मिळालेली नाही. मज्जासंस्थेची लक्षणं दाखवून मेलेल्या जनावरांचे मेंदू भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग संस्थेत तपासले जातात.

या मान्यतेवर खूप काही उभं आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईसोबत बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. परदेशी जातं ते म्हशीचं, हाड काढलेलं मांस. आपल्या पैठण रस्त्यावरही त्याचा निर्यातीचा मोठा कारखाना आहे. भाकड म्हशीला बाजारात जो भाव येतो आणि त्यातून नवी दुभती म्हैस दावणीला येते, त्या हिशेबाचं एक टोक या निर्यातीत आहे. ब्राझीलमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये एका नऊ वर्षांच्या जनावरात बीएसईचा आपोआप होणारा प्रकार सापडला, तर चीनकडची निर्यात महिनाभर ठप्प झाली. असा आपोआप होणारा प्रकार जगात कुठेही, कुठल्याही म्हाताऱ्या जनावरात होऊ शकतो. आपल्याही. तो एका जनावरापुरता थांबेल की पसरेल, हे त्या जनावराचं पुढे काय होतं यावर ठरतं.

म्हणून गोठा असलेल्यांना एक विनंती. गाई-म्हशींच्या खाद्यात मांस-हाडांची पूड चालत नाही, कोंबड्यांच्या खाद्यात मात्र चालते. तेव्हा कोंबडीखाद्याचं उरलेलं पोतं कितीही स्वस्तात मिळालं तरी गव्हाणीत रिकामं करू नका. तयार पशुखाद्य घेताना पोत्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस २०५२ हा क्रमांक आहे का ते पाहा. आणि मोठ्या वयाचं जनावर विनाकारण बुजायला लागलं, अडखळायला लागलं, तर 'बाधा झाली' म्हणून सोडून देऊ नका. तो रेबीजही असू शकतो, म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नका आणि १९६२ या नंबरवर फोन करून सरकारी पशुवैद्यकाला बोलवा.