पाकिटावर नाव कोणाचं?



बचत गटांच्या प्रशिक्षणात 'यशस्वी व्यक्तींकडून काय शिकावं' असा एक तास हमखास असतो. भिंतीवर चार मोठ्या माणसांचे फोटो लावतात, त्यांच्या गरिबीची गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, कष्ट करा, यश मिळेल. मला ते ऐकताना दरवेळी हसू येतं. पहाटे उठून धारा काढायच्या, दिवसभर भांगलण करायची, संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापायच्या, अशा बाईला कष्ट शिकवायचे? कष्टात आपण कुणाला हार जाणार नाही. आपलं अडतं ते त्याच्या पुढं. केलेल्या कामावर आपलं नाव लागत नाही आणि त्यातला वाटा मागायला आपली जीभ रेटत नाही.

म्हणून आज लतादीदींविषयी बोलू. गाण्यातलं मला फारसं कळत नाही. मला बोलायचंय ते त्यांनी नाव आणि वाटा कसा मागितला त्याविषयी.

आपल्या कोल्हापूरशी त्यांचा संबंध लहानपणापासूनचा. वडील मास्टर दीनानाथ एप्रिल १९४२ मध्ये वारले, तेव्हा लता बारा वर्षांची होती. पाच भावंडांत थोरली. मास्टर विनायकांनी तिला चित्रपटात काम दिलं आणि त्यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये ती कोल्हापुरात नोकरीला लागली. तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं आपल्याला मुळीच आवडत नव्हतं, असं त्यांनी पुढं अनेकदा सांगितलं. पण घर चालवायचं होतं, म्हणून केलं. १९४५ मध्ये विनायकरावांची कंपनी मुंबईला गेली, तशी लताही गेली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यातल्या कितीतरी जणींची आहे. नवरा गेला, सासरे अंथरुणाला खिळले, थोरल्या लेकीनं शाळा सोडून कामाला हात लावला. वेगळं आहे ते पुढचं.

१९४९ मध्ये 'महल' चित्रपट आला. त्यातलं 'आयेगा आनेवाला' हे गाणं खेमचंद प्रकाश यांनी बांधलं आणि लतादीदींनी गायलं. गाणं गाजलं. पण सुरुवातीच्या रेकॉर्डवर गाणारीचं नाव काय छापलं होतं? कामिनी! चित्रपटात मधुबालाच्या पात्राचं ते नाव. पार्श्वगायिकेचं नाव छापण्याची त्या वेळी पद्धतच नव्हती. आवाज लताचा, चेहरा मधुबालाचा आणि नाव भलत्याच, खरी नसलेल्या बाईचं. रेडिओवर गाणं लागलं, तेव्हा ऐकणाऱ्यांनी पत्रं पाठवायला सुरुवात केली की ही गाते कोण? मग रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीकडून नाव विचारून घेतलं आणि ते जाहीर केलं. रेडिओ ऐकणाऱ्या साध्या माणसांनी एवढं काम केलं, हे आपल्या केंद्रावरून सांगताना मला विशेष आनंद होतो.

तेव्हापासून आमच्या बैठकांत मी एक प्रश्न विचारते. आपल्या गटात कामिनी किती? लोणचं घालणारी एक आणि प्रदर्शनात ताटामागं उभी राहणारी दुसरी, असं किती ठिकाणी आहे? कर्ज जिच्या नावावर, तिला त्याचा हप्ता किती हे ठाऊक नसतं, असं किती जणींचं? बायका आधी हसतात, मग गप्प होतात.

अशी एक कामिनी आपल्या गावातही होऊन गेली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, येता-जाता तुम्ही पाहिला असेल. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती आठवण. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, ही सगळी मंडळी तिथंच शिकली आणि पुढं १९२९ मध्ये त्यांनी कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. ही नावं शाळेतल्या पोराला माहीत असतात. पण बाबूरावांच्या कंपनीला सुरुवातीचं भांडवल दिलं ते तानीबाई कागलकर या गायिकेनं. तिचं नाव किती जणींनी ऐकलंय? एका बाईनं पैसा घातला म्हणून कोल्हापूरचा चित्रपट उभा राहिला. आपण मात्र अजून म्हणतो, बायकांच्या बचतीनं काय होणार?

आता पुन्हा लतादीदींकडं येऊ. १९५७ ची गोष्ट. फिल्मफेअरचा उत्तम संगीताचा पुरस्कार 'चोरी चोरी' साठी शंकर-जयकिशन यांना मिळाला. समारंभात लताबाईंनी 'रसिक बलमा' गावं, असं जयकिशन यांना वाटत होतं. त्या नाही म्हणाल्या. कारण सरळ होतं. संगीतकाराला पुरस्कार आहे, गाणाऱ्याला नाही. मग गाणाऱ्यानं तिथं येऊन का गावं? पुढं १९५९ पासून गायनाचा पुरस्कार सुरू झाला. पहिला 'मधुमती' मधल्या गाण्यासाठी त्यांनाच मिळाला, पण दुसऱ्या वर्षी तो मुकेश यांच्याकडं गेला. म्हणजे मागणी एकीनं केली आणि दार सगळ्यांसाठी उघडलं.

इथं नीट बघा. त्या रुसून घरी बसल्या नाहीत, मागून कुजबुजल्या नाहीत. ज्या दिवशी त्यांची गरज होती त्याच दिवशी, कारण सांगून नाही म्हणाल्या. आपण उलट करतो. मागणी असते तेव्हा माल गुमान देतो आणि दिवाळी सरल्यावर पारावर बसून व्यापाऱ्याला नावं ठेवतो.

वाटा मागितल्यावर भांडणं होतात, हेही खरं. साठीच्या दशकात लताबाईंनी गाण्याच्या विक्रीतून गायकाला रॉयल्टी मिळावी, असं लावून धरलं. मोहम्मद रफी यांचं मत वेगळं होतं. एकदा गाण्याचे ठरलेले पैसे घेतले की गायकाचा हक्क संपला, असं ते मानत. दोघांचं इतकं बिनसलं की काही वर्षं त्यांनी एकत्र गाणंच बंद केलं. नंतर पुन्हा गायले. रफी भला माणूस, हिशेबात न अडकणारा. तरी मला लताबाईंचं पटतं. कारण गाणं पन्नास वर्षं विकलं जातं आणि गायकाचा आवाज तेवढा टिकत नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गायकांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात आला. रफींना जाऊन तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती.

म्हणून लगेच लताबाईंचा देव्हारा करू नका. नव्या गायिकांना त्यांच्या काळात वाव मिळाला नाही, अशी तक्रार पुष्कळांनी केली आहे आणि ती अगदीच उडवून लावता येत नाही. १९७० नंतर मात्र त्यांनी स्वतःच कळवलं की फिल्मफेअरसाठी माझा विचार करू नका, नव्यांना द्या. मोठ्या बाईनं खुर्ची सोडणं मला गाण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. काही गटांत एकच ताई दहा-दहा वर्षं अध्यक्ष असते. "दुसरी कुणी तयारच होत नाही," असं ती सांगते. अगं, तू बँकेत जाताना कुणाला सोबत नेलंस का कधी?

आणखी एक. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना लतादीदींनी संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावानं. 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं' ही त्यातली काही. म्हणजे नावासाठी झगडलेल्या बाईनं स्वतःहून नाव झाकलंही. घरच्यांच्या धाकानं किंवा भिडेखातर एखादी वहिनी पाकिटावर आपलं नाव नको म्हणत असेल, तर तिला जबरदस्ती करू नका. फक्त ते तिनं ठरवलंय की दुसऱ्या कुणी, एवढं विचारा.

हे सगळं आज सांगायला एक निमित्त आहे. माझ्याकडच्या एका गटाला मोठं गिऱ्हाईक आलंय. डंकावर कांडलेली कांदा-लसूण चटणी दर महिन्याला ठरलेल्या वजनात पाहिजे, पैसे रोख, पण पाकीट कोरं. त्यावर तो आपला छाप लावणार. गटात दोन तट पडलेत. थोरल्या मावशी म्हणतात, नाव काय चाटायचंय, पोरांची फी भरायचीय. धाकट्या म्हणतात, दोन वर्षांनी तो दुसरीकडून माल घेईल आणि आपल्याला बाजारात कुणी ओळखणार नाही. दोघींचं खरं आहे. ठरलेली ऑर्डर सोडणं परवडत नाही आणि नाव विकून टाकलं तर परत मिळत नाही.

मी त्यांना सुचवलंय ते असं. ऑर्डर घ्या, पण सगळा माल एकालाच देऊ नका. तिसरा हिस्सा गटाच्या नावानं, गटाच्या लेबलानं, आठवडी बाजारात आणि प्रदर्शनात विका. अन्नपदार्थाची नोंदणी गटाच्याच नावावर काढा, व्यापाऱ्याच्या नको, आणि तो क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापून घ्या. त्याच्या छापाखाली 'बनवणार' म्हणून गटाचं आणि गावाचं नाव बारीक अक्षरात का होईना घालायला सांगा. नाहीच म्हणाला तर किलोमागं दर वाढवून मागा, कारण मग आपण चटणीबरोबर नावही देतोय. दर, वजन, पैसे कधी मिळणार, हे कागदावर घ्या आणि त्यावर अध्यक्ष, सचिव दोघींच्या सह्या करा. आणि ठराव लिहिताना 'सर्वानुमते' एवढंच खरडू नका. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणाचा, तीही नावं लिहा.

बैठक येत्या गुरुवारी आहे. निर्णय त्या घेतील. तुमच्याकडं असं कोरं पाकीट मागणारा आला असेल, तर दर काय ठरला आणि लेबलाचं काय झालं, ते केंद्रावर कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन, तुमच्या नावासकट.