धुराची पारख

चुलीचा धूर पाहून घरची बाई ओळखते, की जाळाला हवा कमी पडते आहे. ती फुंकणी उचलते. मंडळी, मोटारीच्या इंजिनालाही असा धूर पारखणारा लागतो. तोच ऑक्सिजन सेन्सर. १९७६ साली स्वीडनच्या व्होल्वो मोटारीत तो प्रथम बसवला गेला.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. धुराच्या नळीतला सेन्सर उरलेला प्राणवायू पारखतो. झिर्कोनियाच्या सेन्सरात हवा कमी पडली तर सुमारे ०.९ व्होल्ट, जास्त झाली तर सुमारे ०.१ व्होल्ट विद्युतदाब निर्माण होतो. त्यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. सेन्सर बिघडला, की पेट्रोल फुकट जाते आणि विषारी धूर वाढतो.

पण इशाऱ्याचा दिवा लागला म्हणून लगेच नवा सेन्सर घेऊ नका. आधी तारा पाहा, नळीला फट आहे का पाहा. फटीतून शिरलेली हवा त्याला फसवते. बदलायचाच, तर नळी निवू द्या, तारेची जोडणी सोडवा, नवा सेन्सर आधी हातानेच आट्यांत फिरवा. त्याच्या टोकाला तेलाचा हात लावू नका. उंदराने तार कुरतडली असेल, तर नवा सेन्सर तरी काय करणार?