घरातील शाळा आणि आईचा वेळ

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभरातील शाळांना कुलपे लागली आणि पुढे कित्येक महिने घराघरांतून शाळा भरली. कुलपे उघडल्यावर बहुतेक मुले दप्तरे उचलून परत वर्गात गेली. काही थोड्या घरांनी मात्र मुलांना घरीच शिकविण्याचे ठरविले. आमच्या बडोद्यातील मराठी मंडळींतही अशी घरे आहेत.

अशा घरांविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न परीक्षेचा असतो, दुसरा मुलाच्या भवितव्याचा. शिकविणाऱ्या आईचा दिवस कसा जातो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ती घरीच असते, मुलेही घरीच असतात, तेव्हा अडचण ती कसली, असे जो तो गृहीत धरतो. आम्हांस मात्र वाटते की, मुलांना घरी शिकविणे हा शिक्षणाचा जितका प्रश्न आहे, तितकाच तो घरकामाच्या वाटणीचाही आहे. असे प्रयोग पुस्तकांवाचून फारसे अडत नाहीत. ते अडतात आईच्या वेळेवाचून.

आईने मुलांना घरी शिकविणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) लहानपणी कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून आपल्या तरुण पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. रमाबाई शिकण्याजोग्या झाल्या तेव्हा शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते. म्हणून मुलीला शिकविण्याचे काम आईने हाती घेतले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्यांची विद्या अशी आईच्या तोंडून आलेली होती. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेले आपले इंग्रजी पुस्तक ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ रमाबाईंनी आईच्याच स्मृतीला अर्पण केले. त्या पुस्तकाला रेचेल बॉडले यांची प्रस्तावना आहे. दिवसभर घरकामात गुंतलेली ही आई झोपेने जड झालेल्या मुलीला पहाटे गोंजारून उठवी आणि उजाडण्यापूर्वी तोंडी पाठ देई, असे वर्णन त्या प्रस्तावनेत आहे.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो, परंतु तिच्यातील पहाटेची वेळ आपल्या ध्यानात राहत नाही. लक्ष्मीबाईंच्या दिवसातील प्रत्येक तासावर संसाराचा हक्क होता. ज्यावर कोणाचाच हक्क नव्हता असा तेवढा एक प्रहर उरला होता. तो त्यांनी स्वतःच्या झोपेतून काढून मुलीला दिला. दीडशे वर्षांनंतरही घरी शिकविणारी आई पहाटेच उठत असेल, तर घरात नेमके काय बदलले, हे विचारावयास हवे.

आमच्या निकटच्या परिचयातील एक कुटुंब येथे उदाहरणादाखल घेतो. घरात आजी-आजोबा, नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. गृहस्थ कारखान्यात पाळीवर जातात. मुलांना घरी शिकविण्याचे ठरले ते सर्वांच्या संमतीने. परंतु शाळा घरात आली तरी घराचा बाकीचा क्रम जेथल्या तेथेच राहिला. आई साडेचारला उठे. न्याहारी, डबा, सासूबाईंची औषधे, पाणी, धुणे हे सर्व उरकून ती मुलांपुढे बसे, तो दारावर कोणी ना कोणी येई. शेजारीण किल्ली ठेवावयास येई, दुकानदाराचा मुलगा पुडके घेऊन येई. नातलगांचे दूरध्वनी तर ठरलेलेच. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असे: ‘तू काय, घरीच असतेस.’ शाळेत नोकरी करणाऱ्या बाईला दहा वाजता कोणी ‘जरा दळण आणून टाक’ असे म्हणत नाही. हिला मात्र म्हणत.

वर्षभरात मुलांचा अभ्यास बरा चालला, पण आई थकून गेली. गणितातील चुकीबरोबर सकाळी सांडलेल्या दुधाचेही बोलणे निघू लागले आणि अवखळपणाची शिक्षा शुद्धलेखनातून वसूल होऊ लागली. एके दिवशी थोरल्या मुलीने विचारले, ‘आत्ता तू बाई आहेस की आई?’ प्रश्न भोळेपणानेच विचारला होता, पण त्या दिवशी आईने वह्या मिटल्या आणि मुलांना शाळेत घालण्याचे बोलून दाखविले.

तोडगा काढला तो आजोबांनी. आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. त्यांनी वहीत रेघा मारून घरातील सर्व कामे एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकापुढे करणाऱ्याचे नाव घातले. कामे बेचाळीस भरली. त्यांपैकी एकतीस कामांपुढे सुनेचे नाव होते, आणि मुलांना शिकविणे त्या बेचाळीसांत धरलेलेच नव्हते!

त्यानंतर जे ठरले ते असे. सकाळी साडेआठ ते अकरा ही शाळेची वेळ. त्या वेळात दार आणि दूरध्वनी आजोबांकडे. भाजी रात्रीच निवडून ठेवावयाची, आणि ते काम आजी व मुलांचे. गृहस्थांची सकाळपाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळचा विज्ञानाचा पाठ व रात्रीची भांडी त्यांची. दुपारपाळी असेल तेव्हा सकाळची न्याहारी व गणिताचा तास त्यांचा. रोजच्या जेवणात वरण-भात, पोळी आणि एक भाजी. चारीठाव स्वयंपाक रविवारी. दुपारी दोन ते चार हा वेळ आईचा. तिने झोपावे, वाचावे अथवा मांडवीकडच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन यावे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये उभारलेल्या त्या ग्रंथालयाचा फायदा घेण्यास आजही बडोदेकरांना कोणी अडवीत नाही. अडवितो तो घरातील कामांचा ढीग.

हे सारे सुखासुखी झाले असे नव्हे. ‘आम्ही आठ माणसांचे करीत होतो, कधी वेळापत्रक लावले नाही,’ असे आजी म्हणाल्या, आणि त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांच्या कष्टांची गणती कोणी केली नव्हती. आता सुनेची गणती वहीत मांडली गेली, हे त्यांना लागले. परंतु भाजी निवडता निवडता एके रात्री नातीने हिशेब विचारला: ऐंशी रुपये किलोची गवार सव्वा किलो घेतली तर किती? आजींनी शेंग मोडता मोडता ‘शंभर’ म्हणून सांगितले. नात कागद-पेन्सिल शोधीतच राहिली. चौथीत शाळा सुटलेल्या आजींना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सारे तोंडपाठ होते. तेव्हापासून अपूर्णांकांचा तास आजींकडे गेला. वेळापत्रकाविषयी त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. आपला तास चुकला तर मात्र त्या रागावतात.

घर हीच पाठशाळा, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात तथ्य आहे, पण ते जपून घ्यावयास हवे. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो वायू असतो. ती चाळीस दिवस पुरली तर रोजचा खर्च ३५५ ग्रॅम, हा भागाकार मुलाला पुस्तकातील आंब्यांच्या टोपल्यांहून अधिक कळतो. साठ वॉटचा पंखा सुमारे सतरा तास चालला की विजेचा एक युनिट होतो, हे एकदा कळले म्हणजे रिकाम्या खोलीतील पंखा मूल आपण होऊन बंद करते. तथापि स्वयंपाकघरातून भूमिती सहजासहजी निघत नाही आणि फोडणीतून व्याकरण येत नाही. त्यासाठी नेमाने बसावे लागते, आणि नेमाने बसण्यासाठी कोणीही हाक मारणार नाही असे दोन-अडीच तास लागतात.

या संदर्भात गुजरातेतच झालेल्या एका थोर प्रयोगाची आठवण होते. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तेथे गेल्या आणि नऊ वर्षे त्यांनी या कामात घालविली. मराठी बाईने गुजरातेत राहून केलेले हे काम पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने आदिवासी मुलांपर्यंत पोहोचले. या मंडळींनी माँटेसोरीबाईंच्या पद्धतीतून घेतलेले एक तत्त्व घरी शिकविणाऱ्या प्रत्येक आईने ध्यानी ठेवावे. ते तत्त्व असे की, मुलाला जे स्वतः करता येते ते मोठ्यांनी त्याच्यासाठी करू नये. पाणी ओतणे, केर काढणे, गुंड्या लावणे, ताट मांडणे ही त्या पद्धतीत शिक्षणाचीच अंगे आहेत. सात वर्षांचा मुलगा आपले कपडे घडी करून ठेवतो तेव्हा तो शिकतही असतो आणि आईचा वेळही वाचवीत असतो. मुलगा आणि मुलगी यांत मात्र येथे भेद नको. नाहीतर घरातील शाळा मुलाला भूमिती आणि मुलीला भांडी शिकवील.

आता कायद्याविषयी व परीक्षेविषयी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकास जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे त्याचे दहावे कलम म्हणते. घरशिक्षणाचा त्यात नाव घेऊन उल्लेख नाही, आणि मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकास शिक्षाही सांगितलेली नाही. म्हणून या वाटेने जाणाऱ्यांनी कायदा नीट वाचून, जाणत्यांना विचारून पाऊल टाकावे. परीक्षेची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानाकडे आहे. १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा प्रकल्प म्हणून सुरू झालेली ही मुक्त शाळा १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तेथून दहावीची परीक्षा पाच विषय घेऊन, सवडीने, पाच वर्षांच्या मुदतीत देता येते. त्या विषयांत मराठीही आहे, ही गोष्ट आमच्यासारख्या परमुलखात रुजलेल्यांना विशेष मोलाची वाटावी.

मराठीचा विषय निघाला म्हणून आणखी थोडे. घरी शिकणाऱ्या मुलाचे मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाहून चांगले होते, असा आमचा अनुभव आहे. दिवसभर तीच भाषा कानांवर पडते. पण म्हणून बडोद्यातील मूल गुजरातीला पारखे होता कामा नये. लारीवाल्याशी भाव करणे, गल्लीतील पोरांबरोबर उत्तरायणात पतंग उडविणे, शेजारच्या काकींकडून थेपले करण्यास शिकणे हेही शिक्षणच आहे. शिवाय मुलाला समवयस्कांची संगत हवी आणि आईलाही तिच्या समवयस्क स्त्रियांची हवी. मुलांच्या एकटेपणाची काळजी पुष्कळजण करतात. दिवसभर दोन मुलांखेरीज कोणाशी चार वाक्ये बोलावयास न मिळणाऱ्या आईचे एकटेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

घरात शाळा भरवावी की न भरवावी, याचा निर्णय ज्याच्या त्याच्या घराने करावयाचा आहे. ज्या घरी दोघांच्या मिळकतीवाचून चालत नाही, अथवा काम वाटून घेणारे दुसरे माणूस नाही, त्यांनी मुलांना खुशाल शाळेत पाठवावे; त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु ज्यांनी घरी शिकविण्याचे मनात घेतले आहे, त्यांनी पुस्तकांची यादी करण्यापूर्वी आजोबांसारखी कामांची यादी करावी. वही चार पैशांची असली तरी चालेल. यादी मात्र सर्वांनी एकत्र बसून करावी, आणि तिच्यात मुलांना शिकविणे हे काम पहिल्या ओळीवर लिहावे. एरवी शिकविणे पुन्हा पहाटेवर जाईल, आणि ती पहाट पुन्हा आईच्याच झोपेतून काढावी लागेल.