'इनफ्लॅमेबल' आणि 'फ्लॅमेबल'

शब्दाचा अर्थ चुकला तर बहुधा हशावर निभावतें. परंतु पेट्रोलच्या पिंपावरील शब्दाचा अर्थ कोणी उलट घेतला, तर तेथें हंसण्यास वेळ उरत नाहीं. इंग्रजींतील 'इनफ्लॅमेबल' आणि 'फ्लॅमेबल' ही जोडी अशीच फसवी आहे. पहिल्या शब्दास 'इन्' हा उपसर्ग लागलेला पाहून तो दुसऱ्याच्या विरुद्ध अर्थाचा असावा, असें कोणासही सहज वाटेल. वस्तुतः दोहोंचा अर्थ एकच: चटकन् पेट घेणारा, ज्वालाग्राही.

या घोटाळ्याचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. त्या भाषेंत दिसण्यांत सारखे, पण मुळांत निराळे असे दोन 'इन्' आहेत. एक नकारार्थी; तो संस्कृतांतील 'अ' किंवा 'अन्' याचा सख्खा भाऊच होय. 'दृश्य' याचें जसें 'अदृश्य', तसें 'व्हिजिबल' याचें 'इनव्हिजिबल' होतें. दुसऱ्या 'इन्' चा अर्थ 'आंत'; कित्येकदां तो क्रियेस केवळ जोर देतो. 'फ्लामा' म्हणजे ज्वाला. तिच्यापासून 'पेटविणें' या अर्थाचें 'इनफ्लामारे' हें क्रियापद झालें, आणि 'इनफ्लेम' व 'इनफ्लॅमेबल' हे इंग्रजी शब्द त्याच कुळांतले. तेव्हां येथील 'इन्' आगीस नाकारणारा नव्हे, तर तिला आंत घेणारा आहे.

मराठी माणसास याचें नवल वाटूं नये. 'वि' हा एकच उपसर्ग 'विफल' या शब्दांत फळाचा अभाव दाखवितो, आणि 'विशुद्ध' या शब्दांत शुद्धतेस जोर देतो. पण 'विशुद्ध' म्हणजे 'अशुद्ध' असें कोणी समजत नाहीं, कारण तो शब्द कानास सवयीचा आहे. 'इनफ्लॅमेबल' मात्र पुष्कळांना प्रथम भेटतो तो एखाद्या डब्यावर, आणि तोही घाईच्या वेळीं.

दोघांत वडील 'इनफ्लॅमेबल'. सतराव्या शतकांत तो इंग्रजींत वापरांत होता. 'फ्लॅमेबल' एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अवतरला, आणि पुढें शंभर वर्षें त्याची फारशी विचारपूस कोणी केली नाहीं. त्याचें भाग्य उजळलें तें वैयाकरणांमुळें नव्हे, तर आगीशीं झुंजणाऱ्यांमुळें. अमेरिकेंतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेनें १९२० नंतरच्या दशकांत 'फ्लॅमेबल' या शब्दाचा आग्रह धरला. ब्रिटिश प्रमाण संस्थेनेंही १९५९ सालीं तेंच धोरण स्वीकारलें.

शब्दामुळें आग लागते, ही अतिशयोक्ति नव्हे. बेंजामिन ली व्होर्फ हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एका अग्निविमा कंपनींत काम करीत. आगींचे अहवाल पाहतांना त्यांच्या ध्यानांत आलें कीं, पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसें जपून वागतात. पण पिंपें 'रिकामीं' म्हटलीं कीं तेथें खुशाल धूम्रपान करतात. वास्तविक रिकाम्या पिंपांतील वाफ अधिक घातक असते. १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनीं हें लिहून ठेविलें. 'रिकामें' यासारखा साधा शब्द जर असा घात करतो, तर ज्याचा अर्थच उलटा भासतो त्याची काय कथा!

आज दोहोंनीं आपापलें क्षेत्र वांटून घेतलें आहे. धोक्याच्या मालासंबंधींच्या संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणांत तिसरा वर्ग 'फ्लॅमेबल' द्रवांचा आहे. न पेटणाऱ्या पदार्थास 'नॉन-फ्लॅमेबल' म्हणतात. उलट, तापट स्वभाव किंवा स्फोटक परिस्थिति यांविषयीं लाक्षणिक अर्थानें बोलतांना 'इनफ्लॅमेबल' हाच शब्द शोभतो. 'फ्लॅमेबल' पदार्थांपुरताच राहिला आहे. भारतांत मात्र जुना शब्द कायद्यांतही टिकला. संसदेनें १९५२ सालीं केलेल्या ज्वालाग्राही पदार्थांच्या कायद्याच्या इंग्रजी नांवांत 'इनफ्लॅमेबल' हाच शब्द आहे, आणि तेलाच्या टँकरांच्या पाठीवरही तो पुष्कळदां दिसतो.

व्याकरणाच्या दृष्टीनें दोन्ही शब्द निर्दोष आहेत. परंतु धोक्याची पाटी विद्वानांसाठीं लिहिलेली नसते; ती ज्यास शब्दाची व्युत्पत्ति ठाऊक नाहीं, त्याच्यासाठीं असते. म्हणून पाटी लिहिणाऱ्यानें 'फ्लॅमेबल' लिहावें, आणि खालीं मराठींत 'ज्वालाग्राही' असें स्पष्ट लिहावें. वाचणाऱ्यानें मात्र दोहोंपैकीं कोणताही शब्द दिसला, तरी काडी ओढूं नये.