मीटर दाखवावा कीं झांकावा?

भोरच्या अगदीं जवळ उत्रोली नांवाचें गांव आहे. तेथें माझा एक भाचा राहतो. जुन्या मराठी छापील पुस्तकांतील अक्षरें ओळखणारा एक प्रोग्राम तो घरीं बसून तयार करीत असतो. काम जड, म्हणून तें तो मुंबईच्या एका मोठ्या केंद्रांतील भाड्याच्या संगणकावर चालवितो आणि भाडें मिनिटाच्या हिशेबानें भरतो. गेल्या पावसाळ्यांत त्याचा मला फोन आला. "मामा, घरच्या यंत्रावर जें काम नऊ मिनिटांत होतें, त्यास तेथें चौदा लागतात. कारण पाहावें म्हणून प्रोसेसरचे मीटर मागितले, तर उत्तर आलें कीं ही सोय उपलब्ध नाहीं. पैसे घेतात आणि माप दाखवीत नाहींत!" त्याचा राग मला रास्त वाटला. तरी माप न दाखविणाराची बाजू अगदींच खोटी नाहीं, आणि तीच आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

हे मीटर म्हणजे प्रोसेसरच्या आंत मोजणी करणारे कांहीं लहान खण होत. घड्याळाचे ठोके किती पडले, आज्ञा किती पुऱ्या झाल्या, हवी ती माहिती जवळच्या कॅशमध्यें न सांपडल्यामुळें दूरच्या स्मृतीकडे किती वेळां धांवावें लागलें, पुढील वाटेचा अंदाज किती वेळां चुकला, हें सारें त्यांत आपोआप नोंदलें जातें. इंटेल कंपनीच्या १९९३ सालच्या पेंटियममध्यें असे दोन मीटर होते. गंमत अशी कीं, त्यांची माहिती कंपनीनें सर्वांस दिलीच नव्हती. १९९४ च्या जुलैंत 'बाइट' मासिकांत टेर्ये मॅथिसन यांनीं ती उघड केली. प्रोग्राम मंद कां चालतो, हें या मीटरांवांचून पुष्कळदां केवळ अंदाजानें ठरवावें लागतें.

आतां भाड्याच्या संगणकाकडे वळूं. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुण्यास आणि अमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस आपलीं केंद्रें उघडलीं. अशा केंद्रांत भाडेकरूला बहुधा अख्खें यंत्र मिळत नाहीं. एकाच खऱ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रें मांडलेलीं असतात. त्यांस पाहुणे म्हणतात, आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या प्रोग्रामास यजमान. सारें घर आपलेंच आहे, असें प्रत्येक पाहुण्यास वाटावें अशी यजमानाची व्यवस्था असते. प्रत्यक्षांत पलीकडच्या खोलींत कोणी बँक असेल, कोणी इस्पितळ.

येथें उत्रोलीकरांच्या ओळखीचें भाटघरचें धरण उपयोगी पडेल. त्याचें पाणी पुढें नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांस मिळतें. वाटेंतील दुसरीं धरणें क्षणभर विसरूं, पाऊसही नाहीं असें धरूं. डाव्या कालव्याच्या हिशेबनिसास आपण किती पाणी घेतलें हें ठाऊक असतें. त्यानें रोज धरणाची पातळी तेवढी पाहिली, कीं उजव्या कालव्यानें किती घेतलें हें साध्या वजाबाकीनें निघतें. उजव्याच्या चोपड्या त्यास उघडाव्या लागत नाहींत.

प्रोसेसरमध्येंही असे सामाईक मीटर आहेत. सर्वांत मोठी कॅश, स्मृतीकडील एकंदर वाहतूक, खर्च झालेली वीज, हीं मापें सर्व पाहुण्यांचीं मिळून एकच असतात. विजेच्या आंकड्यांतील बारीक चढउतारांवरून गुप्त लेखनाच्या किल्ल्या काढतां येतात, हें ग्राझच्या तंत्रविद्यापीठांतील व इतर संशोधकांनीं २०२० च्या नोव्हेंबरांत 'प्लॅटिपस' या नांवानें जाहीर केलें. तेव्हां लिनक्सनें हा आंकडा केवळ मुख्य व्यवस्थापकापुरता ठेविला, आणि 'झेन' या यजमान-प्रोग्रामानें पाहुण्यांस तो बंद केला.

एकेका गाभ्याचे मीटर त्या मानानें निरुपद्रवी. पाहुणा बदलतांना यजमान त्यांतील आंकडे उचलून ठेवतो आणि तो परतला कीं पुन्हां मांडतो. परंतु ही उचलठेव करणारी यंत्रणा गुंतागुंतीची आहे. तींत चूक राहिली तर पाहुण्याच्या हातीं यजमानाचेंच घर लागावयाचें. झेनच्या मंडळींनीं २०१५ च्या नोव्हेंबरांत मोकळेपणानें सांगून टाकलें कीं, आमच्या या सोयीच्या सुरक्षिततेची हमी आम्ही देत नाहीं. शिवाय पाहुण्यास चालतें काम न थांबवितां दुसऱ्या यंत्रावर हलवावयाचें असेल, तर तेथील मीटर निराळे निघतात, हीही एक अडचण आहे.

बंदीची रीत मोठी सभ्य आहे. पाहुणा प्रोसेसरास विचारतो, "तुझ्यापाशीं मीटर किती?" उत्तर मात्र यजमान देतो, "एकही नाहीं." पाहुण्यानें तरीही हात घातला, तर प्रोसेसर त्यास जागच्या जागीं थांबवून कारभार यजमानाकडे सोंपवितो. या उत्तरास खोटें म्हणावें कीं शिष्टाचार, हें मी आपणांवर सोडतों.

मात्र मीटर झांकल्यानें सारें साधतें, असेंही नाहीं. २०१८ च्या जानेवारींत उघड झालेल्या 'स्पेक्टर' व 'मेल्टडाउन' या दोषांचा फायदा घेण्यास साधें बारीक घड्याळ पुरत होतें, आणि घड्याळ पुरतें दडविणें फार अवघड असतें. मला वाटतें, अख्खें यंत्र घेणारास सारे मीटर द्यावेत. गाभा ज्याचा एकट्याचा आहे त्यास त्या गाभ्याचे द्यावेत. सामाईक मीटर वांटेकऱ्यांस मुळींच देऊं नयेत. आणि काय मिळणार नाहीं, हें भाडें ठरण्यापूर्वींच सांगावें. भाच्याची खरी तक्रार या शेवटच्या गोष्टीबद्दलच होती.

पुढें त्यानें एक तासापुरतें अख्खें यंत्र भाड्यानें घेतलें. तेथें सारे मीटर मिळाले. कॅशमध्यें माहिती न सांपडण्याचा आंकडा भलताच मोठा निघाला. पानाचें चित्र स्मृतींत आडव्या ओळींनीं मांडलेलें होतें, आणि याचा प्रोग्राम तें उभ्या ओळींनीं वाचीत होता! घरीं कॅश त्याच्या एकट्याची असल्यामुळें ही चूक निभावून जात होती. मुंबईस शेजाऱ्यांच्या गर्दींत ती उघडी पडली. प्रोग्राम सुधारल्यावर काम आठ मिनिटांवर आलें. घरच्या यंत्राचे मीटर तर पहिल्यापासून उघडेच होते; पण तेथें काम भराभर उरकत असल्यामुळें त्यानें ते कधीं पाहिलेच नव्हते.