हॉर्सपॉवर वाढवली, पण मागचं डिफरेन्शियल टिकेल का?

रील्सवर गाडीची 'बिल्ड' दाखवताना कॅमेरा नेहमी बोनेटखाली जातो. टर्बो, इंजिन स्वॅप, रीमॅप, मग डायनोवरचा आकडा. त्याच गाडीच्या मागच्या अॅक्सलखाली मोबाइल नेणारा क्वचितच दिसतो. पण इंजिनाची वाढलेली ताकद शेवटी तिथूनच चाकांपर्यंत जाते. ६५ वॉटचा चार्जर घेतला आणि केबल मात्र स्टेशनबाहेरची ५० रुपयांची, तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. इथेही तसंच आहे. फरक इतकाच की केबल जळली तर फोन चार्ज होत नाही, अॅक्सल तुटला तर चाक निखळू शकतं.

म्हणून आज बोनेट बंद ठेवू आणि गाडीच्या मागे जाऊ.

आधी बघा, तुमच्या गाडीला मागे डिफरेन्शियल आहे का?

स्विफ्ट, बलेनो, आय-२० किंवा साध्या क्रेटाला मागे डिफरेन्शियल नसतंच. या गाड्यांची पुढची चाकं फिरतात आणि डिफरेन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात बसलेलं असतं. मागच्या अॅक्सलमध्ये डिफरेन्शियल असतं ते थार, स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा, जिप्सी, ओम्नी, ईको यांच्यात. आणि हो, अंधेरी स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या रिक्षातही डिफरेन्शियल असतं, कारण तिची मागची दोन चाकं इंजिनावर फिरतात.

उदाहरणासाठी मी आपल्या उपनगरातलीच गाडी घेतोय, प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १९६४ मध्ये ती फियाट ११००डी म्हणून आली आणि पुढे पद्मिनी झाली. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण हौशी लोकांकडे खासगी पद्मिनी अजून आहेत. १०८९ सीसीचं इंजिन, साधारण ४० हॉर्सपॉवर, मागची चाकं फिरणारी. 'यात मोठं इंजिन टाकलं तर?' हा मोह पडतो तो अशाच गाडीला बघून.

डिफरेन्शियल करतं काय?

तीन कामं करतं.

१. प्रॉपेलर शाफ्टमधून आलेली फिरकी ९० अंशांत वळवून चाकांकडे पाठवतं.

२. फेरे कमी करून टॉर्क वाढवतं. छोट्या पिनियनचे दाते मोठ्या क्राऊनला फिरवतात. पिनियन ४.३ वेळा फिरलं की क्राऊन एकदा फिरतं, असं असेल तर गुणोत्तर ४.३.

३. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. हिशोब करून बघा. दोन चाकांमध्ये १.५ मीटर अंतर असेल, तर पूर्ण यू-टर्न घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त धावतं. यू-टर्न छोटा असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. कॅरियरमधले छोटे स्पायडर गियर तो फरक सांभाळतात.

साध्या, म्हणजे ओपन डिफरेन्शियलची एक खोड आहे. ते दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क देतं. एक चाक चिखलात असेल, तर त्याला फिरायला जेवढा टॉर्क पुरतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. म्हणून एक चाक गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही.

डिफरेन्शियलला हॉर्सपॉवर कळत नाही

हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार. दाते तुटतात ते टॉर्कमुळे. २०२० च्या थारमध्ये पेट्रोल इंजिन १५० हॉर्सपॉवरचं आणि डिझेल १३० चं, पण मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर दोघांचाही टॉर्क ३०० न्यूटन-मीटर. गियरचं गुणोत्तर सारखं धरलं, तर मागच्या अॅक्सलवर दोघांचाही जास्तीत जास्त भार सारखाच. वरच्या २० हॉर्सपॉवरचा त्याला पत्ताही लागत नाही.

आता पद्मिनीचा हिशोब करू. इंजिनाचा टॉर्क साधारण ७० न्यूटन-मीटर. पहिल्या गियरचं गुणोत्तर सोपं म्हणून ४ धरू, डिफरेन्शियलचं ४.३.

७० × ४ × ४.३ = १,२०४ न्यूटन-मीटर

आता तिथे २०० न्यूटन-मीटरचं इंजिन बसवलं तर?

२०० × ४ × ४.३ = ३,४४० न्यूटन-मीटर

जवळपास तिप्पट. पण प्रत्यक्षात एवढा टॉर्क अॅक्सलपर्यंत टिकत नाही, कारण मध्ये टायर आहे. मागच्या चाकांवर ६०० किलो वजन, कोरड्या रस्त्यावरची पकड ०.९ आणि टायरची त्रिज्या ०.२९ मीटर धरली, तर साधारण १,५०० न्यूटन-मीटरच्या पुढे टायर घसरायला लागतो. म्हणजे टायर हा या सगळ्या साखळीतला फ्यूज आहे. जुन्या इंजिनाने हा फ्यूज उडत नव्हता. नवं इंजिन तो प्रत्येक सिग्नलला उडवेल.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. टायर रुंद, चिकट किंवा मोठा केला की फ्यूजची क्षमता वाढते, आणि तो वाढलेला भार थेट क्राऊन-पिनियनवर जातो. त्रिज्या १० टक्के वाढली तर भारही १० टक्के वाढतो. इंजिनाला हात न लावता नुसते मोठे टायर टाकणाऱ्या थारवाल्यांनाही हे लागू आहे.

मग तुटतं केव्हा?

शांतपणे वाढत जाणाऱ्या टॉर्कपेक्षा झटका जास्त वाईट. तीन प्रसंग सांगतो.

• क्लच एकदम सोडणं. फिरत्या फ्लायव्हीलची सगळी ऊर्जा एका क्षणात दात्यांवर येते. त्या क्षणाचा टॉर्क वरच्या हिशोबापेक्षा बराच जास्त असू शकतो.

• घसरणारं चाक अचानक पकड घेणं. जुलैत हे रोजचं. एक चाक खड्ड्यातल्या पाण्यात गरगरतंय, तुम्ही अॅक्सिलरेटर दाबूनच ठेवलाय, आणि ते चाक कोरड्या पेव्हर ब्लॉकवर चढलं. खाडकन आवाज येतो तो इथे.

• एकच चाक बराच वेळ फिरवत ठेवणं. स्पायडर गियर थोड्या फरकासाठी बनवलेले असतात. सतत वेगाने फिरले तर त्यांच्या पिनवरची तेलाची फिल्म जाते आणि पिन घासून धरते. बर्नआउटच्या रील्समागे हे असतं.

मजबूत करायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं?

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ताकद सहन करणं वेगळं आणि पकड मिळवणं वेगळं. लिमिटेड स्लिप बसवलं म्हणून कमकुवत दाते मजबूत होत नाहीत. उलट, आता दोन्ही चाकं जमीन धरतात, त्यामुळे फ्यूज उशिरा उडतो आणि दात्यांवर भार वाढतो.

सहनशक्तीसाठी हे बघा.

• क्राऊन-पिनियन: क्राऊनचा व्यास मोठा तेवढं बरं. अमेरिकेत फोर्डचा १९५७ पासूनचा प्रसिद्ध अॅक्सल 'नाइन इंच' म्हणूनच ओळखला जातो, कारण क्राऊनचा व्यास ९ इंच. त्याच मापाच्या क्राऊनमध्ये गुणोत्तर वाढवलं, तर पिनियन बारीक होतं आणि कमकुवतही. पिकअपसाठी गुणोत्तर वाढवणाऱ्यांनी हे आधी विचारात घ्यावं.

• हाफ शाफ्ट: पीळ सहन करायची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. २५ मिलिमीटरचा शाफ्ट त्याच धातूत ३० चा केला, तर ताकद सुमारे ७३ टक्के वाढते.

• हाउसिंग, बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस: एक कडी मजबूत केली की तुटायची पाळी पुढच्या कडीवर येते. म्हणून सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा मोठ्या गाडीचा अख्खा अॅक्सल मापात बसवणं अनेकदा शहाणपणाचं असतं.

इथे जिवाशी गाठ आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. हलक्या गाड्यांच्या मागच्या अॅक्सलमध्ये बऱ्याचदा चाक शाफ्टवरच धरलेलं असतं. अशा गाडीत शाफ्ट बाहेरच्या टोकाला तुटला तर चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकतं. जड ट्रकमध्ये चाक हाउसिंगवर वेगळ्या बेअरिंगने धरलेलं असतं, तिथे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. घाटकोपरच्या फ्लायओव्हरवर मागून बाइक येत असताना हा फरक फार मोठा आहे.

पकडीसाठी कोणता प्रकार?

• क्लच प्लेटवालं लिमिटेड स्लिप: रस्त्यासाठी चांगलं. प्लेट झिजतात, तेल खास लागतं.

• हेलिकल गियरवालं: गुळगुळीत, देखभाल कमी. पण एक चाक हवेत गेलं की जवळपास ओपनसारखं वागतं.

• आपोआप लॉक होणारं: थारच्या काही मॉडेलमध्ये ईटनचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल येतं. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की ते लॉक होतं, आणि गाडी ३० किमीच्या आसपास वेग घेते तेव्हा लॉक लागत नाही. हे चिखलासाठी आहे, सिग्नलवरच्या शर्यतीसाठी नाही.

• पायाने किंवा बटणाने लॉक होणारं: गावाकडे ट्रॅक्टर चालवला असेल तर टाचेखालचा डिफ लॉकचा पेडल आठवेल. तत्त्व तेच. आणि नियमही तोच, लॉक असताना वळायचं नाही.

• वेल्डिंग मारलेलं: स्पायडर गियर वेल्ड करून कायमचं लॉक. स्वस्त, म्हणून लोकप्रिय. ओल्या लिंक रोडवर वळताना मागचा भाग सुटतो आणि प्रत्येक यू-टर्नला तो ४.७ मीटरचा फरक टायर आणि शाफ्ट भरून काढतात. रोजच्या गाडीत नकोच.

फिटिंग चुकलं तर सगळं वाया

क्राऊन आणि पिनियन यांच्यातला खेळ, म्हणजे बॅकलॅश, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. बऱ्याच अॅक्सलला तो ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास लागतो. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. डायल गेज न लावता 'हाताने बघितलं, बरोबर आहे' म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका. दात्यांना रंग लावून घासाचा ठसा बघितला का, तेही विचारा. त्या ठशाचा फोटो मागून घ्या, मोबाइलचा याहून चांगला उपयोग नाही.

नवं क्राऊन-पिनियन बसल्यावर पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं हळू चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. पहिलं तेल साधारण ८०० किमीला बदला. वेग घेताना 'हूंऽऽ' असा आवाज येत असेल तर सेटिंग पुन्हा तपासायला लावा. आणि गाडी पाण्यातून गेली असेल, तर तेल काढून बघा. चहासारखं दुधाळ दिसलं तर ब्रीदरमधून पाणी शिरलंय. असं तेल ठेवून कितीही महागडा गियर टिकणार नाही.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओ गाठा, मग ती अंधेरीची एमएच-०२ असो की बोरिवलीची एमएच-४७. न कळवलेल्या बदलावर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि तेव्हा समोरच्याच्या दवाखान्याचा खर्चही तुमच्या अंगावर येऊ शकतो.

माझा सल्ला, क्रमाने

१. पैसे वाटताना आधी ब्रेक आणि टायर, मग मागचा अॅक्सल, शेवटी इंजिन.

२. ट्यून करणाऱ्याला हॉर्सपॉवर नका विचारू. पहिल्या आणि दुसऱ्या गियरमध्ये टॉर्क किती देणार ते विचारा. ईसीयू असलेल्या गाडीत खालच्या गियरचा टॉर्क कमी ठेवता येतो, आणि अॅक्सल वाचवायचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

३. मॉडिफाय केलेली जुनी गाडी घेताना बोनेट उघडण्याआधी गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. मालक नाही म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवा.