कमबॅक नेमका कोणाचा? बेटी लव्हेट आणि २८ वर्षे पडून राहिलेला अल्बम

कमबॅक म्हटले की आमच्या पिढीला मोहिंदर अमरनाथ आठवतो. संघातून वगळायचे आणि त्याने धावा काढून परत यायचे, असे किती वेळा झाले! संगीतातही हा शब्द सर्रास वापरतात. अमेरिकेतल्या ब्लूज संगीताच्या पुरस्कारांत तर ‘कमबॅक अल्बम’ असा वेगळा विभागच होता. २००४ साली तो पुरस्कार ‘अ वुमन लाइक मी’ या अल्बमसाठी बेटी लव्हेट या गायिकेला मिळाला. पण तिची हकीकत वाचल्यावर प्रश्न पडतो, की परत आले ते नक्की कोण? ती तर गातच होती.

ज्यांना हे संगीत परिचयाचे नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांचे दुःखाचे आणि कष्टाचे गाणे. त्यातून पुढे आलेल्या ऱ्हिदम अँड ब्लूजला चर्चमधल्या भक्तिगायनाची आर्तता मिळाली आणि १९५०-६० च्या सुमारास ‘सोल’ संगीत तयार झाले. बहुतेक सोल गायक चर्चमध्येच गायला शिकले. बेटी मात्र तशी नव्हे. तिचा जन्म १९४६ चा, मिशिगन राज्यातला. ती वाढली डेट्रॉइटमध्ये. तिच्या घरी दारू विकली जाई आणि दिवाणखान्यातच ज्यूकबॉक्स होता. तिचे गाणे त्या ज्यूकबॉक्समधून आले. आवाज पहिल्यापासून खरखरीत, गोडवा जवळजवळ नाहीच. लताबाईंच्या आवाजावर वाढलेल्या आपल्या कानांना पहिल्यांदा तो बोचेल. थोडा धीर धरावा.

१९६२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी तिची पहिली तबकडी आली आणि चांगली चालली. १९६५ मध्ये आणखी एक गाणे गाजले. पण पूर्ण अल्बम काही होईना. अखेर १९७२ मध्ये एका मोठ्या कंपनीने तिला अलाबामा राज्यातल्या मसल शोल्स या गावी पाठवले. गाव लहान, पण तिथल्या स्टुडिओंमधले वादक म्हणजे सोल संगीतातली नामवंत मंडळी. ध्वनिमुद्रण पूर्ण झाले, नावही ठरले, ‘चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज’. आणि मग कंपनीने तो अल्बम काढलाच नाही.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. ध्वनिमुद्रणाचा खर्च कंपनी करते, म्हणून मूळ टेपची मालकीही साधारणतः कंपनीचीच असते. गायिकेला वाटले म्हणून ती स्वतः ते विकू शकत नाही. त्यातून बेटी गीतकार नव्हती, ती दुसऱ्यांची गाणी गाणारी. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे वाजले तर मानधन गीतकार-संगीतकाराला मिळते, गाणाऱ्याला नाही. म्हणजे अशा गायिकेचे उत्पन्न दोनच ठिकाणी, विकलेल्या तबकड्या आणि प्रत्यक्ष कार्यक्रम. तबकडीच निघाली नाही, तर राहिले काय? तारण दुसऱ्याच्या तिजोरीत आणि किल्लीही त्याच्याकडेच!

राहिले ते कार्यक्रम. छोट्या क्लबांमधून ती गात राहिली. ‘बबलिंग ब्राउन शुगर’ या संगीत नाटकात तिने कॅब कॅलोवेसारख्या बुजुर्ग कलावंताबरोबर काम केले. १९८२ मध्ये मोटाउन या कंपनीने तिचा एक अल्बम काढला. मोटाउन ही मूळची तिच्याच डेट्रॉइटची कंपनी. पहिल्या तबकडीपासून पहिल्या अल्बमपर्यंत मोजून वीस वर्षे! तो फारसा चालला नाही.

चक्र फिरवले ते एका फ्रेंच संग्राहकाने. १९७२ च्या त्या टेपचा त्याने पाठपुरावा केला आणि २००० साली ‘सुव्हेनिर्स’ या नावाने तो अल्बम फ्रान्समध्ये काढला. सव्वीस वर्षांच्या मुलीने गायलेली गाणी लोकांनी ऐकली तेव्हा ती चोपन्न वर्षांची झाली होती. त्यानंतर सुरुवातीला सांगितलेला पुरस्कार मिळाला, आणि २००५ मध्ये तो अल्बम आला ज्याने तिचे नाव सर्वदूर झाले, ‘आय हॅव गॉट माय ओन हेल टू रेज’. निर्माता जो हेन्री. सॉलोमन बर्क या जुन्या सोल गायकाचा २००२ मधला कमबॅकही त्याच्याच हातचा.

या अल्बममध्ये दहा गाणी आहेत आणि सगळी स्त्रियांनी लिहिलेली. डॉली पार्टन, जोन आर्माट्रेडिंग, रोझॅन कॅश, फिओना ॲपल अशी नावे. त्यातल्या बहुतेकींचा सोल संगीताशी थेट संबंध नाही. पण आपल्याकडे एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकली तर जो फरक जाणवतो, तसे इथे होते. शब्द दुसरीचे, पण गाणे बेटीचे. ल्युसिंडा विल्यम्सच्या ‘जॉय’ या गाण्यात गायिका हरवलेला आनंद शोधत गावोगाव जाते. मूळ गाण्यातली गावे दक्षिणेकडची. बेटीने ती बदलून डेट्रॉइट आणि मसल शोल्स घातली. वर दिलेली हकीकत ठाऊक असेल तर तिथे ऐकणारा चमकतोच.

दोन वर्षांनी तिने पुन्हा मसल शोल्सलाच जाऊन ध्वनिमुद्रण केले आणि अल्बमचे नाव ठेवले ‘द सीन ऑफ द क्राइम’, म्हणजे गुन्ह्याची जागा. हा तिखटपणा मला फार आवडतो. या अल्बमला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीनिमित्त लिंकन स्मारकासमोर झालेल्या कार्यक्रमात ती जॉन बॉन जोव्हीबरोबर गायली. तेव्हा तिला त्रेसष्ट पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी होते.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी घरातल्या तरुण मंडळींकडून २००५ चा अल्बम लावून घ्यावा. पहिले गाणे शिनेड ओकॉनरचे आहे. त्यात एकही वाद्य नाही, फक्त आवाज. तेवढे ऐकून झाले की मग ‘जॉय’ लावा, आणि आवाज जरा मोठा ठेवा.